लंकाबाईची जीभ आणि वीस इंग्रजी शब्द

लंकाबाई द्राक्षाचा मणी चावत नाही. ती तो जिभेवर ठेवते, टाळूला टेकवते आणि मग सावकाश दाबते. साल फुटायला किती जोर लागला, आधी रस आला की गर, गोडी जिभेच्या शेंड्यालाच राहिली की मागं घशापर्यंत गेली, हे तिला एका दमात कळतं. मग ती गिळते आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. तेवढ्या वेळात आमच्याकडचे बागायतदार दुसरीकडं बघत उभे राहतात. कुणी टोपी नीट करतो, कुणी चपलेनं खडा सरकवतो.

तिच्याबद्दल लिहायचं तर घाईनं लिहून चालणार नाही. ती स्वतः कशातच घाई करत नाही.

पेठच्या डोंगरातून ती पंधराव्या वर्षी विरळणीच्या टोळीबरोबर खाली दिंडोरीकडं आली. घडातले जादा मणी काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते, हे काम. पुढं लग्न इकडंच झालं, नवरा लवकर गेला, मुलगा अंबडच्या कारखान्यात लागला. लंकाबाई रस्त्याकडेच्या पॅकहाऊसमध्ये कात्रीवर बसली. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंनी बायका, हातात बारीक कात्र्या. घडातला डागी, फुटका, बारका मणी कापायचा आणि घड पुढं द्यायचा. आठ वर्षं तिनं कात्री चालवली. मग एका हंगामात मालकाच्या लक्षात आलं की ही बाई ज्या मालाला नाक मुरडते तो माल बोटीत खराब होतो. तेव्हापासून तिला शेवटचं टेबल मिळालं. कुणाच्याही बागेतला माल आला की पहिले दोन क्रेट तिच्यासमोर. ती बघणार, चाखणार, सांगणार. माल परदेशी जायचा की इथल्याच बाजारात, ते तिच्या शब्दावर. चौदा हंगाम ते टेबल तिच्याकडं होतं. उभं राहून करायचं काम, पण मान होता. लंकाबाईला आयुष्यात मिळालेली ती एकच उंच जागा.

यंदा जानेवारीत नवे साहेब आले. मयुरेश त्यांचं नाव, नाशिक शहरातले, शेतीची पदवी घेतलेले, बोलायला मऊ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेबलावर एक टॅब आणून ठेवला.

"काकू, आता माल बघणाऱ्यानंच यात शेरा भरायचा. इंग्रजीत. परदेशातला खरेदीदार त्याच दिवशी वाचतो."

"मी सांगते, तुम्ही भरा."

"तसं चालत नाही. ज्याचं टेबल त्याचं बोट. फार नाही हो, फक्त वीस विशेषणं शिकायची."

"इशेषण म्हंजे?"

"वस्तू कशी आहे ते सांगणारा शब्द."

"आवो साहेब, दुसरं काय करते मी चौदा वर्सं?"

"हो, पण इंग्रजीत."

पंधरा दिवसांनी परीक्षा होती. जमलं नाही तर लंकाबाई पुन्हा कात्रीवर आणि टेबल दुसऱ्या कुणाकडं. साहेबांनी हे हसून सांगितलं, पण सांगितलं.

शिकवायला आफिया होती. नियाजभाई क्रेटचा टेम्पो चालवतात, त्यांची ही मुलगी. बी.कॉम. झालेली, पेट्यांवरची लेबलं छापायचं काम करायची. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागं दोघी बसायच्या. लंकाबाई चौथी शिकलेली, मराठी वाचते. आफियानं पेटीचा पुठ्ठा उलटा करून त्यावर वीस शब्द मोठे लिहिले, खाली मराठीत उच्चार लिहिले.

"मावशी, ग्रीन म्हणजे हिरवा. ग्रीन स्टेम, हिरवा देठ."

"आन हिरवी येल?"

"ग्रीनच."

"हिरवं पान?"

"ग्रीन. हिरवे मणी, ते पण ग्रीन. बदलत नाही तो शब्द. फक्त वस्तूच्या आधी बसवायचा."

लंकाबाईनं कपाळाला हात लावला. "म्हंजे बाई आसो, बाप्या आसो, एक आसो का धा आसो, सगळ्यांना एकच सदरा?"

"सोपं आहे ना मग?"

"सोपं कसलं. गरीब हाय."

तिची खरी चिडचिड सुरू झाली ती सॉफ्टपाशी. सॉफ्ट म्हणजे मऊ, आफियानं सांगितलं. लंकाबाईनं विचारलं, कोणता मऊ? पिकून मऊ झालेला मणी वेगळा. तो बोटाला लागतो तसाच जिभेला लागतो. उन्हानं मऊ झालेला एका बाजूनं मऊ असतो, दुसरीकडून कडक. पाणी जास्त दिलेल्या बागेतला मणी वरून टणटणीत दिसतो आणि दाबला की आत काहीच नसतं. आणि क्रेटमध्ये दाबला गेलेला मऊ मणी सकाळी कळतच नाही, संध्याकाळी कळतो. यातल्या दोघांना बाजार आहे, दोघांना नाही.

"चार तऱ्हा झाल्या," ती म्हणाली. "चौघांना सॉफ्टच?"

"यादीत एकच आहे, मावशी."

"मंग ती यादी करणाऱ्यानं द्राक्ष खाल्लंय का कधी?"

आफिया हसली. लंकाबाई हसली नाही. तिनं डबा बंद केला आणि उठून गेली. त्या दिवशी तिनं दोन पोरींना कारण नसताना झापलं.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा थप्पीमागं आली. टेबल सोडायचं नव्हतं.

शब्द ती अक्षरांनी नाही, आकारांनी ओळखायला शिकली. एक्सलंट हा सगळ्यांत लांब, त्याच्या पोटात दोन काठ्या शेजारी उभ्या. गुडमध्ये दोन अंडी. पण पुअरमध्येही दोन अंडी निघाली तेव्हा तिनं पुठ्ठा जमिनीवर आपटला. "चांगल्यात बी दोन, वाईटात बी दोन! ठरवून केलंय का हे?" मग आफियानं दाखवलं की गुडच्या शेवटी उभा दांडा असतो आणि पुअरच्या शेवटी वाकलेलं काडं. रात्रंदिवस तेच. भाकरी थापताना फर्म, झाडताना क्लीन, म्हशीच्या कातडीवर हात फिरवताना स्मूथ. सुनेनं, उज्वलानं, एकदा वाटीत वांग्याची भाजी वाढून विचारलं, "कशी झालीय?"

"फेअर."

"म्हंजे?"

"बरी."

उज्वला खूश झाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सासूनं याहून मोठा शब्द कशालाच वापरला नव्हता.

आमच्याकडं हे असंच आहे, आणि हे न कळणाऱ्याला पुढचं कळणार नाही. कुणाची बाग भरून आली असली तरी बांधावर उभं राहून तिला कुणी नावाजत नाही. मालक स्वतः म्हणतो, "हाय आपलं जेमतेम." बघणारा म्हणतो, "बरी हाय." त्या बरीमध्ये किती वजन आहे ते दोघांना पुरतं समजतं. माल झाडावर आहे, वाटेत आहे, तोवर मोठा शब्द तोंडातून काढायचा नाही. गारपीट कान देऊन बसलेली असते असं कुणी म्हणत नाही, पण वागतात सगळे तसंच. लंकाबाईच्या चौदा हंगामांत तिच्या तोंडून निघालेला सर्वांत मोठा शब्द "बरा" हाच होता. तो ऐकला की बागायतदार काही न बोलता बाहेर जायचा आणि घरी फोन लावायचा.

परीक्षा झाली. मयुरेश साहेबांनी एकेक शब्द टॅबवर दाखवला, अर्थ विचारला, मग क्रेट समोर ठेवून योग्य शब्द दाबायला सांगितला. वीसपैकी वीस. सगळ्यांत शेवटी चार शब्द होते, एकूण मालाबद्दलचे.

"एक्सलंट?"

"उत्कृष्ट."

"गुड?"

"चांगला."

"फेअर?"

"बरा."

"पुअर?"

"फेकायचा."

साहेबांनी टाळी वाजवली. कात्रीवरच्या बायकांनीही वाजवली. त्या दिवशी लंकाबाई टेबलाला जरा जास्तच ताठ उभी होती, असं आफियानं मला सांगितलं.

चार दिवसांनी बारकूचा माल आला. बारकू म्हणजे अडीच एकरांचा शेतकरी, अबोल, बागेत एकटा राबणारा. त्याची पहिली काढणी होती. क्रेटवरचा कागद बाजूला केला आणि लंकाबाईचा हात तिथंच थांबला. घड एकसारखे, देठ पोपटी, मण्यांवर पहाटेच्या धुक्यासारखा पातळ थर, कुणाचं बोट न लागलेला. तिनं एक मणी तोंडात ठेवला. बारकू भिंतीकडं बघत होता.

"हाय आपलं काहीतरी," तो पुटपुटला.

लंकाबाईनं गिळलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ ती गप्प राहिली. मग टॅब ओढला. देठ, ग्रीन. साल, फर्म. रंग, युनिफॉर्म. चव, स्वीट. एकही बोट चुकलं नाही. आणि खाली, एकूण माल या रकान्यात, तिनं चारही शब्द नीट पाहिले, पोटात दोन काठ्या असलेला लांब शब्द ओळखला, त्याच्यावरून नजर काढली आणि फेअर दाबलं.

"बरा हाय," ती बारकूला म्हणाली.

बारकूचा चेहरा उजळला. त्यानं मान हलवली आणि फोन काढत बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मयुरेश साहेब टॅब हातात धरून जवळजवळ पळतच आले.

"काकू, बारकूभाऊंच्या मालाला फेअर कुणी दिलं?"

"मीच की."

"अहो, फेअर पडलं की सिस्टीम तो माल कंटेनरमधून काढते! सकाळीच गाडी भरून बाजारात गेली. साध्या पेट्यांत. मी आत्ता क्रेटचे फोटो बघतोय, यंदाचा सगळ्यांत चांगला माल होता तो!"

"व्हता," लंकाबाई म्हणाली. "तसा माल मी चार-पाच हंगामांत बघितला नाय."

साहेब बघतच राहिले. "मग एक्सलंट का नाही दाबलं? अर्थ विसरलात?"

"अर्थ ठावं हाय. उत्कृष्ट."

"मग?"

"आवो, माल अजून पोचायचाय. बोटीत चढायचाय. मालक म्होरं उभा. आधीच कसं म्हनू उत्कृष्ट?"

"काकू, हा फॉर्म आहे! दृष्ट लावायला तिकडं कोण बसलंय?"

कात्र्या थांबल्या होत्या. चाळीस बायका ऐकत होत्या. लंकाबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शब्द विसरली असती तर तिला इतकं लागलं नसतं. शब्द पाठ होते, आकार पाठ होते, वीसपैकी वीस होते. पण शब्द येणं आणि तो कधी काढायचा हे येणं, यांत एवढं अंतर आहे हे तिला कुणी पुठ्ठ्यावर लिहून दिलं नव्हतं.

संध्याकाळी ती बारकूच्या मळ्यात गेली. तो ड्रिपच्या नळ्या गुंडाळत होता. तिनं सगळं सांगितलं. तो बराच वेळ नळीच गुंडाळत राहिला.

"तू बरा म्हनलीस ते मला समजलं, आक्का," तो शेवटी म्हणाला. "तिकडच्या मानसाला कसं समजंल?"

"चुकलं माझं."

"घरी सांगितलं व्हतं मी. लंकाबाईनं बरा म्हनलाय म्हनून." त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच तिला सोसवेना. "दुसरी काढनी सोमवारी हाय. त्या टायमाला तेवढा त्यांचा शब्द दाब. मी मागतो म्हनून दाब."

सोमवारी माल आला. साहेब टेबलापाशी, आफिया शेजारी, बारकू दाराशी. लंकाबाईनं मणी चाखला. माल पहिल्यासारखाच होता, गोडी कणभर जास्त. तिनं बारकूला म्हटलं, "तू जरा भाईर जा." तो गेला. तिनं हात धुतले, पदराला पुसले, लांब शब्दावर बोट आणलं आणि दाबलं.

टॅबवर एक नवीन चौकट उघडली.

"हे काय आता?"

आफियानं वाचलं. "विचारतोय, नक्की का? एक्सलंट दिलं की विचारतो तो."

"आता ह्यालाबी शंका!" लंकाबाई कडाडली. "म्या इतक्या मुश्किलीनं म्हनलं आन हा इचारतोय नक्की का!"

पोरी खिदळल्या. साहेबही हसले. लंकाबाईनं होकारावर बोट असं दाबलं की टॅब टेबलावरून सरकला. माल कंटेनरमध्ये चढला. साहेब म्हणाले, "बघा, जमलं की काकू. आता घाबरायचं नाही. मोकळ्या मनानं वापरायचे शब्द."

तिनं ते ऐकून घेतलं. त्या रात्री पुठ्ठा पुन्हा काढून बसली आणि चारही शब्दांचं नव्यानं माप घेतलं: आपला बरा म्हणजे त्यांचा एक्सलंट. आपला "बघू" म्हणजे त्यांचा गुड. आपण "असू दे" म्हणतो तो त्यांचा फेअर. हे मात्र तिचं तिनंच शोधलं, आफियानं नाही.

बुधवारी एका मोठ्या बागेचा माल आला. नऊ एकरांचा बागायतदार, गाडी दारात, माणूस फोनवर. घड मोठे होते, दिसायला झोकदार. लंकाबाईनं मणी जिभेवर ठेवला आणि तिच्या भुवया जवळ आल्या. घाईनं काढलेला माल. गोडी शेंड्यालाच थांबली होती, मागं आंबटपणा. रंगही एका घडात दोन तऱ्हांचा. वाईट नव्हता. इथल्या बाजारात आरामात गेला असता.

तिनं टॅब ओढला तसे साहेब मागून म्हणाले, "काकू, याला गुड द्या."

"हा गुड नाय."

"संध्याकाळी कंटेनर सुटतोय आणि तीन पॅलेट माल कमी आहे. गुड द्या, बाकी मी बघतो."

"साहेब, बारकूच्या टायमाला मी माझा फेअर दाबला, ते चुकलं. आज तुमचा फेअर दाबते. पुठ्ठ्यावरला. मीटर तुमच्याच खिशात हाय, गोडी मोजून बघा."

साहेबांनी मीटर काढलं नाही. त्यांचा फोन वाजत होता. वरचे साहेब असावेत. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, फेअर हा शब्द दाबायचाच नसतो. त्या खरेदीदाराला तो बघायची सवय नाही."

"मंग ठेवलाय कशाला?"

साहेबांनी वाजणारा फोन कापला.

"न्हाई, मला सांगा. पंधरा दिवस माझ्याकडनं घोकून घेतला. अंडी मोजली, काठ्या मोजल्या. बारकूचा माल गेला त्याच्यापायी. आता कुठं बसवायचा ते मला समजलं, आन तुम्ही म्हनता दाबायचाच नाय?"

"काकू, प्लीज."

लंकाबाईनं पुन्हा एक मणी घेतला. मला वाटतं तिला चव आधीच कळली होती. तिला फक्त वेळ हवा होता. टेबल तिच्या दोन्ही हातांखाली होतं, चौदा हंगामांत तिच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेलं. तिनं मणी गिळला आणि फेअर दाबलं.

या वेळी टॅबनं काहीच विचारलं नाही.

साहेबांनी टॅब उचलला, काहीतरी खोडलं, काहीतरी भरलं आणि आफियाला हाक मारली. लंकाबाईकडं न बघता ते म्हणाले, "उद्यापासून आफिया बघेल हे टेबल. तुम्ही कात्रीवर बसा काकू. तुमच्यासाठी पण बरं, उभं राहावं लागणार नाही."

आफिया रडवेली झाली. "सर, मला माल नाही कळत."

"शब्द कळतात ना? पुरे."

लंकाबाईनं उद्याची वाट बघितली नाही. टेबल पुसलं, फडकं घडी करून ठेवलं आणि तिसऱ्या रांगेत मैना नावाची पोर बसते तिच्याशेजारची रिकामी जागा धरली. कात्री हातात घेतली. बोटं विसरली नव्हती. समोरून त्याच नऊ एकरांचा माल यायला लागला, आता गुड झालेला. ती आंबट, हिरवे मणी शोधून कापत होती, कापत होती. पण चवच कच्ची असेल तर कात्री किती कापणार?

मैनानं एक घड वर धरून विचारलं, "मावशे, हा कसा वाटतो?"

लंकाबाईनं घड हातात घेतला, फिरवून बघितला, दोन मणी कापले आणि पेटीत ठेवला.

"पुढचा घे," ती म्हणाली.